लाकडाची कड आणि करवतीचा दाता

कपाटाचे दार, स्वयंपाकघरातील ट्रॉली किंवा अभ्यासाचे टेबल पाहताना नजर प्रथम जाते ती रंगाकडे आणि पृष्ठभागाच्या चकाकीकडे. परंतु या वस्तूंचे आयुष्य पुष्कळ अंशी ठरते ते त्यांच्या कडांवर. प्लायवूड किंवा एमडीएफ कापताना कडेचे टवके उडाले, वरचा सनमायका दातेरी फुटला किंवा पातळ थर उचकटला गेला, तर तेथे एजबँडची पट्टी नीट चिकटत नाही, दोन फळ्यांचा सांधा बंद बसत नाही आणि राहिलेल्या फटीतून ओल आत शिरून बोर्ड फुगू लागतो. लांबी (पुट्टी) भरून असा दोष झाकता येतो, तो नाहीसा करता येत नाही. म्हणूनच फर्निचरच्या कामात कड कापतानाच स्वच्छ निघावी यासाठी बारीक कामाची खास गोल पाती तयार केली जातात, आणि हार्डवेअरच्या दुकानांत ती फाइन फिनिश ब्लेड या नावाने मिळतात.

या ब्लेडविषयी रूढ असलेला समज असा की ज्याला दाते जास्त, त्याचा काप स्वच्छ. हा समज अर्धाच खरा आहे. स्वच्छ काप हा दात्यांच्या संख्येबरोबरच दात्याचा आकार, त्याचा कल, प्रत्येक दात्याच्या वाट्याला येणाऱ्या लाकडाची जाडी, पात्याचा सरळपणा आणि कापल्या जाण्याच्या क्षणी लाकडाच्या तंतूंना मिळणारा आधार या सर्वांच्या मेळातून साधतो. यांपैकी एकही गोष्ट बिघडली तर उत्तम प्रतीचे महागडे ब्लेडही खराब कड देते.

लाकूड नेमके कसे तुटते

लाकूड म्हणजे लांबट, पोकळ पेशींची एकमेकींना घट्ट चिकटलेली रचना होय. कडब्याची पेंढी बांधावी तशा या पेशी खोडाच्या लांबीच्या दिशेने एकमेकींशेजारी बसलेल्या असतात. देवदार-पाइन वर्गातील मऊ लाकडांत त्या साधारण तीन ते चार मिलिमीटर लांब असतात, तर सागासारख्या रुंदपर्णी वृक्षांतील तंतू सुमारे एक मिलिमीटर लांबीचे असतात. पेशींच्या भिंतींना ताणाचे बळ देते ते सेल्युलोज, आणि पेशींना एकमेकींशी जखडून ठेवते ते लिग्निन नावाचे द्रव्य. तंतू ताणून तोडणे कठीण असते, पण दोन तंतू एकमेकांपासून वेगळे करणे त्या मानाने बरेच सोपे असते. कुऱ्हाडीच्या एका घावात ओंडका उभा फुटतो आणि आडवा फुटत नाही, त्याचे कारण हेच.

यातूनच कापण्याचे दोन निराळे प्रकार निर्माण होतात. तंतूंच्या दिशेने फळी चिरताना दात्याने तंतू उचलून बाजूला करायचे असतात, म्हणून तेथे रंध्याच्या पात्यासारखा सपाट, रुंद दाता चालतो. तंतूंना आडवे कापताना मात्र दात्याने आधी सुरीप्रमाणे तंतू छेदायचे असतात आणि मगच मधला भाग बाहेर काढायचा असतो. हे छेदन नीट झाले नाही, तर दाता तंतूला पकडून ओढतो, तंतू आपल्या मुळाशी तुटण्याऐवजी पृष्ठभागावरून सोलला जातो, आणि कडेला कुसळे व टवके दिसू लागतात. प्लायवूडमध्ये अडचण दुप्पट होते, कारण त्यातील थर एकावर एक काटकोनात चिकटवलेले असल्यामुळे कोणत्याही दिशेने कापले तरी निम्मे थर उभे आणि निम्मे आडवे कापले जातात, आणि सर्वांत वरचा, दर्शनी थर अगदी पातळ असल्यामुळे तो प्रथम सोलला जातो. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड यांत लांब तंतू नसतात. परंतु त्यांवर चिकटवलेला मेलामाइनचा किंवा सनमायकाचा थर कठीण आणि ठिसूळ असतो, त्यामुळे तेथे सोलण्याऐवजी काचेसारखे फुटणे घडते. एकच ब्लेड या सर्व सामग्रीला सारखेच योग्य ठरणे शक्य नाही.

पोलादापासून कार्बाइडपर्यंत

गोल करवतीचा लेखी पुरावा इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सापडतो. साउदॅम्प्टनचे सॅम्युएल मिलर यांना १७७७ मध्ये मिळालेल्या पेटंटात अशा पात्याचा उल्लेख आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मार्क ब्रुनेल यांच्या योजनेनुसार पोर्ट्समाउथच्या नौदल गोदीत जहाजांसाठी लागणाऱ्या लाकडी कप्प्या यंत्रांवर तयार होऊ लागल्या, आणि त्या यंत्रांत गोल करवतींचाही समावेश होता. हातकरवत पुढे-मागे चालते आणि तिचा अर्धा प्रवास वाया जातो. गोल पाते मात्र अखंड एकाच दिशेने फिरते, आणि हाच त्याचा मोठा लाभ होय.

ती पाती संपूर्ण पोलादाची असत. कापाची वाट पात्याच्या जाडीपेक्षा रुंद व्हावी आणि पाते लाकडात अडकू नये म्हणून दाते एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वळवलेले असत आणि कानशीने त्यांना धार लावली जाई. हाताने वळवलेले दाते कधीच तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे कापाच्या दोन्ही बाजूंना चरे उमटत आणि नंतर रंधा मारूनच फळी गुळगुळीत करावी लागे. सागासारख्या लाकडात वाळूचा, म्हणजे सिलिकाचा अंश असतो. तो पोलादी धार लवकर घालवतो. प्लायवूडमधील आणि बोर्डांमधील कठीण झालेला रासायनिक सरसही तेच करतो.

या अडचणीवर उपाय निघाला तो विजेच्या दिव्यांच्या उद्योगातून. बर्लिनमध्ये ओसराम या दिवे बनवणाऱ्या कंपनीत संशोधन करणाऱ्या कार्ल श्रॉटर यांनी १९२३ मध्ये टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्ट धातूत मिसळून, दाबून आणि भाजून एक अतिकठीण पदार्थ तयार केला. १९२६ मध्ये जर्मनीतील क्रुप कंपनीने तो विडिया या नावाने बाजारात आणला. आज लाकूडकामाच्या बहुतेक ब्लेडवर टीसीटी अशी अक्षरे छापलेली दिसतात. त्यांचा अर्थ एवढाच की मुख्य तबकडी पोलादाची असून तिच्या प्रत्येक दात्याच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा छोटा तुकडा चांदीयुक्त डाख देऊन जोडलेला आहे.

कार्बाइडच्या या तुकड्यात कठीणपणा असतो तो कार्बाइडच्या कणांचा आणि चिवटपणा असतो तो कोबाल्टचा. कोबाल्ट कमी केले की दाता अधिक कठीण होतो, पण ठिसूळही होतो. वाढवले की धक्के सोसतो, पण धार लवकर जाते. कण जितके बारीक, तितकी धार अधिक तीक्ष्ण लावता येते आणि धारेचे बारीक कोपरे अधिक काळ टिकतात. म्हणून फाइन फिनिश ब्लेडमध्ये एक मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान कणांचे कार्बाइड वापरले जाते. जेथे दिवसभर केवळ लॅमिनेट लावलेले बोर्ड कापायचे असतात अशा मोठ्या कारखान्यांत कृत्रिम हिऱ्याच्या कणांपासून बनवलेले, पीसीडी या नावाने ओळखले जाणारे दातेही वापरात आहेत. ते कितीतरी अधिक काळ टिकतात, मात्र महाग असतात आणि एखादा खिळा लागला तरी त्यांना इजा होते.

दात्यांचे चार आकार

कार्बाइडचा तुकडा पात्याच्या जाडीपेक्षा रुंद असल्यामुळे दाते वळवण्याची गरज राहत नाही आणि प्रत्येक दाता हिऱ्याच्या चाकावर घासून हवा तो नेमका आकार देता येतो. व्यवहारात चार आकार मुख्य आहेत. पहिला सपाट माथ्याचा दाता. तो उभ्या चिरण्यासाठी असतो, वेगाने कापतो, मजबूत असतो, पण आडव्या कापात तंतू फाडतो. दुसरा एटीबी, म्हणजे एका दात्याचा माथा डावीकडे उतरता तर पुढच्याचा उजवीकडे उतरता, असा आळीपाळीने तिरका केलेला. या उतारामुळे प्रत्येक दात्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर सुरीसारखे टोक तयार होते. लागोपाठच्या दोन दात्यांची टोके कापाच्या दोन्ही बाजूंचे तंतू आधी छेदतात आणि मग मधला भाग निघतो. साधारण लाकूड आणि प्लायवूड यांच्या स्वच्छ कापासाठी हाच आकार सर्वाधिक वापरला जातो. हा उतार बहुधा दहा ते वीस अंशांचा असतो. तो तीस अंशांच्या आसपास वाढवला की टोक फारच धारदार होते आणि मेलामाइनचा थरही स्वच्छ कापला जातो, परंतु तेच बारीक टोक लवकर बोथटही होते.

तिसरा आकार टीसीजी किंवा ट्रिपल चिप या नावाने ओळखला जातो. यात एक दाता किंचित उंच असून त्याचे दोन्ही कोपरे घासून बोथट केलेले असतात, तर त्यामागचा दाता सपाट आणि थोडा ठेंगणा असतो. उंच दाता आधी मधोमध एक अरुंद खाच पाडतो आणि सपाट दाता मागून येऊन दोन्ही कडा साफ करतो. कामाची अशी वाटणी झाल्यामुळे कोणत्याही एका कोपऱ्यावर सारा भार येत नाही, म्हणून सनमायका, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आणि ॲल्युमिनियम अशा कठीण किंवा धार खाणाऱ्या सामग्रीत हा दाता दीर्घकाळ टिकतो. चौथा प्रकार मिश्र रचनेचा. यात चार तिरके दाते, त्यामागे एक सपाट दाता आणि मग एक खोल खोबण अशी पाच-पाच दात्यांची टोळी असते, आणि उभे-आडवे दोन्ही काप बऱ्यापैकी होतात.

दात्याचा पुढचा भाग फिरण्याच्या दिशेने किती झुकला आहे, त्याला हुक अँगल किंवा दात्याचा कल म्हणतात. सुमारे वीस अंश पुढे झुकलेला दाता लाकूड स्वतःकडे ओढून घेतो. तो चिरण्यासाठी चांगला. बारीक आडव्या कापासाठी दहा ते पंधरा अंशांचा कल पुरेसा होतो. ज्या यंत्रात ब्लेडच लाकडावर आणले जाते, म्हणजे मायटर सॉसारख्या यंत्रात, पुढे झुकलेला दाता लाकडावर चढून स्वतःला पुढे खेचू लागतो. म्हणून तेथे कल शून्य किंवा उणे पाच अंशांपर्यंत मागे झुकलेला ठेवतात.

एका दात्याचा वाटा

फाइन ब्लेड स्वच्छ का कापते याचा उलगडा एका साध्या हिशेबाने होतो. टेबल सॉवर, म्हणजे पाते टेबलातून वर येणाऱ्या करवतीवर, २५० मिलिमीटर व्यासाचे, ६० दात्यांचे ब्लेड मिनिटाला ४,००० फेरे या वेगाने फिरत आहे असे धरले, तर एका सेकंदात ४,००० दाते लाकडावरून जातात आणि दात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ५२ मीटर, म्हणजे ताशी जवळपास १९० किलोमीटर होतो. फळी मिनिटाला १२ मीटर या गतीने पुढे सरकवली, तर प्रत्येक दात्याच्या वाट्याला फक्त ०.०५ मिलिमीटर जाडीचे लाकूड येते. त्याच गतीने २४ दात्यांचे ब्लेड चालवले, तर हा वाटा ०.१२५ मिलिमीटर, म्हणजे अडीचपट होतो. पातळ ढलपी काढताना तंतूवर येणारा ताण कमी असतो, त्यामुळे तंतू सोलला न जाता छेदला जातो.

याच हिशेबाला दुसरीही बाजू आहे. ६० दात्यांच्या या ब्लेडवर दोन दात्यांमधील अंतर सुमारे १३ मिलिमीटर असते, तर २४ दात्यांच्या ब्लेडवर ते सुमारे ३३ मिलिमीटर असते. त्यामुळे १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडमध्ये बारीक ब्लेडचा एखादा तरी दाता सतत लाकडात राहतो आणि काप शांतपणे होतो. विरळ दात्यांच्या ब्लेडमध्ये मात्र एक दाता बाहेर पडल्यावर दुसरा आत येईपर्यंत खंड पडू शकतो, फळीला ठोके बसतात आणि ती थरथरते. उलट ५० मिलिमीटर जाडीचा सागवान उभा चिरायचा असेल, तर दाट दात्यांमधील लहान खोबणींत भुसा मावत नाही, तो बाहेर पडण्यापूर्वीच पुन्हा चिरडला जातो, दाते कापण्याऐवजी घासू लागतात, आणि लाकडावर काळे जळके डाग पडतात. घाबरून फळी फारच हळू सरकवली तरी हेच घडते, कारण तेव्हा दात्याचा वाटा इतका लहान होतो की धार लाकडात शिरतच नाही. म्हणून जास्त दाते आणि संथ हात ही जोडी दरवेळी उत्तम काप देईलच असे नाही. फळी एकसारख्या गतीने, न थांबता पुढे जाणे अधिक महत्त्वाचे असते.

यावरून घरगुती फर्निचरच्या कामासाठी ढोबळ मार्गदर्शन असे करता येते: हाताच्या १८५ मिलिमीटर सर्क्युलर सॉवर प्लायवूडसाठी ४० ते ६० दाते, टेबल सॉच्या २५० मिलिमीटर ब्लेडवर ६० ते ८० दाते, आणि कारखान्यातील पॅनेल सॉच्या ३०० मिलिमीटर ब्लेडवर लॅमिनेट लावलेल्या बोर्डांसाठी ९६ टीसीजी दाते. जाड लाकूड चिरण्यासाठी २५० मिलिमीटर व्यासावर २४ दाते पुरतात.

तबकडीचे महत्त्व

दात्यांइतकेच महत्त्व त्यांना धरून ठेवणाऱ्या पोलादी तबकडीचे असते, आणि स्वस्त व उत्तम ब्लेडमधील फरक बहुधा येथेच असतो. कापताना घर्षणामुळे तबकडीचा बाहेरचा घेर मध्यभागापेक्षा अधिक तापतो आणि प्रसरण पावतो. त्याला जागा मिळाली नाही तर तो लाटेसारखा वाकतो आणि ब्लेड डावी-उजवीकडे झोल घेऊ लागते. हे टाळण्यासाठी घेरावर बारीक खाचा पाडतात, आणि चांगल्या ब्लेडमध्ये त्या लेझरने कापून कधी कंपन शोषणाऱ्या पदार्थाने भरतात. याशिवाय तबकडी ठोकून किंवा रोलरमधून दाबून तिच्यात आधीच असा ताण निर्माण केला जातो की वेगाने फिरताना आणि तापल्यावरही ती सपाट राहावी.

कापाची रुंदी हाही विचार येथेच येतो. पूर्ण जाडीच्या ब्लेडने सुमारे ३.२ मिलिमीटर रुंद खाच पडते, तर पातळ ब्लेडने सुमारे २.४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी. पातळ ब्लेडला कमी शक्ती लागते आणि लाकूडही कमी वाया जाते. परंतु त्याची तबकडी पातळ असल्यामुळे जोर दिला तर ती वाकते. छोट्या किंवा बॅटरीच्या यंत्राला पातळ ब्लेड योग्य, भक्कम टेबल सॉला पूर्ण जाडीचे, असा हा व्यवहारी निवाडा आहे. ब्लेडच्या मधले छिद्र यंत्राच्या आसावर घट्ट बसणे तितकेच आवश्यक असते. छिद्र मोठे असेल तर नेमक्या मापाची कडी वापरावी, कागदाची किंवा तारेची गुंडाळी कधीही घालू नये. ब्लेड धरणाऱ्या फ्लँजवर भुश्याचा एखादा कण राहिला तरी तबकडीच्या घेराशी त्याचा परिणाम कितीतरी पटीने वाढतो.

तंतूला आधार कोणाचा

दाता लाकडात शिरतो त्या बाजूला मागे उरलेले लाकूडच तंतूंना आधार देते, म्हणून ती कड सहसा स्वच्छ असते. दाता ज्या बाजूने बाहेर पडतो तेथे तंतूंच्या मागे काहीच नसते, आणि टवके तेथेच उडतात. टेबल सॉवर कारागिराच्या बाजूचे दाते वरून खाली जातात, म्हणून दर्शनी बाजू वर ठेवावी. हाताच्या सर्क्युलर सॉमध्ये पाते खालून वर कापत जाते, म्हणून दर्शनी बाजू खाली ठेवावी. एवढे भान ठेवल्यानेही अर्धे दोष टळतात.

दुसरा उपाय म्हणजे बाहेर पडण्याच्या बाजूला कृत्रिम आधार देणे. टेबल सॉच्या फटीत नवी पट्टी बसवून त्याच ब्लेडने तिच्यात खाच पाडली, तर ब्लेडभोवती मोकळी जागा उरत नाही आणि तंतू खाली वाकू शकत नाहीत. कापाच्या रेषेखाली टाकाऊ प्लायवूड ठेवणे, रेषेवर कागदी चिकटपट्टी लावणे किंवा धारदार सुरीने रेषा आधीच छेदून घेणे हे उपायही त्याच तत्त्वावर चालतात. टेबल सॉवर ब्लेड फळीच्या वर थोडेच ठेवले तर दाता बाहेर पडताना अधिक आडवा जातो आणि खालची कड कमी फुटते.

कारखान्यातील पॅनेल सॉ हा प्रश्न आणखी एका पात्याने सोडवतो. मुख्य ब्लेडच्या पुढे बसवलेले सुमारे १२० मिलिमीटरचे स्कोअरिंग ब्लेड उलट दिशेने फिरत बोर्डच्या खालच्या थरात एक-दोन मिलिमीटर खोल खाच आधीच पाडते, आणि मुख्य दाते त्या खाचेतूनच बाहेर पडतात. ही खाच मुख्य कापापेक्षा केसभर रुंद आणि त्याच्याशी अगदी सरळ रेषेत असावी लागते; ती अरुंद पडली तर टवके उडतात आणि फार रुंद पडली तर कडेला पायरी दिसते.

कड वाचावी कशी

कापलेली कड उजेडात तिरकी धरून पाहिली तर ब्लेडचा पुष्कळसा इतिहास सांगते. वर दिलेल्या हिशेबात ब्लेडच्या एका फेऱ्यात फळी ३ मिलिमीटर पुढे सरकते. म्हणून कडेवर दर ३ मिलिमीटरला एक कमानदार ओरखडा उमटत असेल, तर एखादा दाता इतरांपेक्षा बाहेर आलेला आहे किंवा ब्लेड आसावर तिरके बसले आहे असे समजावे. संपूर्ण कडेवर एकसारखी काळसर झाक असेल तर धार गेलेली असते किंवा टेबलची मार्गदर्शक पट्टी ब्लेडला समांतर नसते. नवे ब्लेड असूनही फक्त एकाच पृष्ठभागावर टवके दिसत असतील, तर दोष बहुधा ब्लेडचा नसून आधाराचा असतो. कडेचा कोन गुण्या लावून तपासल्यावर तो काटकोनात नसेल, तर दात्यांकडे जाण्यापूर्वी यंत्राची जुळणी पाहावी.

धार गेली असे वाटणारे ब्लेड अनेकदा केवळ मळलेले असते. लाकडातील राळ आणि बोर्डातील सरस तापून दात्यांच्या बाजूंना चिकटतात, त्यामुळे घर्षण वाढते आणि जळका वास येऊ लागतो. यंत्राची पिन काढून ब्लेड उतरवावे, सौम्य साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावे, दात घासण्याच्या जुन्या ब्रशने साफ करावे आणि लगेच कोरडे पुसून हलका तेलाचा हात द्यावा. तीव्र आम्ल किंवा कॉस्टिक वापरू नये. धार खरोखर गेली असेल तर हिऱ्याच्या चाकावर चालणाऱ्या यंत्राने ती पुन्हा लावता येते, आणि चांगल्या ब्लेडला अनेक वेळा नवी धार मिळते. कानशीने किंवा साध्या ग्राइंडरवर कार्बाइडला हात लावला तर दात्यांचे कोन बिघडतात आणि ब्लेड वाया जाते.

स्वच्छ काप आणि सुरक्षित हात

महाराष्ट्रात घरोघरी चालणाऱ्या फर्निचरच्या कामात मार्बल कटरला लाकूड कापण्याचे ११० मिलिमीटरचे ब्लेड लावून प्लायवूड कापण्याची पद्धत सर्रास दिसते. हे यंत्र मिनिटाला सुमारे १३,००० फेरे घेते; त्या वेगाने दात्याचे टोक सेकंदाला सुमारे ७५ मीटर, म्हणजे ताशी २७० किलोमीटर वेगाने धावते. फरशीसाठीच्या सलग कडेच्या चकतीकरिता बनवलेल्या या यंत्राला लाकूडकामाच्या करवतीसारखे आपोआप मिटणारे संरक्षक आवरण नसते, आणि दात्यांचे ब्लेड लाकडात अडकले तर संपूर्ण यंत्र उसळून कारागिराच्या अंगावर येते. ब्लेडवर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी असेल तर कार्बाइडचा तुकडा निखळून उडण्याचा धोकाही असतो. लाकूड कापायचे असेल तर लाकूडकामाचीच करवत वापरावी, हा यातून निघणारा एकमेव निष्कर्ष आहे.

टेबल सॉवर ब्लेडमागे उभी राहणारी रायव्हिंग नाइफ नावाची पोलादी पट्टी कापलेल्या फळीची दोन अंगे मिटू देत नाही आणि फळी मागे फेकली जाण्याचा धोका कमी करते. ती तबकडीपेक्षा जाड आणि कापाच्या रुंदीपेक्षा पातळ असावी लागते. म्हणून पातळ ब्लेड आणताना हे माप जरूर तपासावे. बारीक दात्यांमधून निघणारा भुसाही बारीक असतो आणि तो हवेत बराच काळ तरंगतो. लाकडाच्या धुळीचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये मानवात निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या घटकांच्या गटात केला आहे. नाका-तोंडावर नुसता रुमाल बांधणे यासाठी पुरेसे नाही, कणांना अडवणारा मुखवटा आणि शक्य तेथे भुसा ओढणारे यंत्र आवश्यक आहे.

फर्निचर करून घेणारी मंडळी प्लायवूडचा दर्जा, सनमायक्याचा रंग आणि बिजागरीचे नाव बारकाईने विचारतात. ज्या ब्लेडने ते प्लायवूड कापले जाणार आहे त्याविषयी मात्र क्वचितच विचारणा होते. वास्तविक संपूर्ण कामाच्या खर्चात चांगल्या ब्लेडचा आणि त्याला वेळेवर लावलेल्या धारेचा वाटा अगदी अल्प असतो. प्रत्येक कारागिराने चिरण्यासाठी विरळ दात्यांचे एक आणि प्लायवूड व लॅमिनेटसाठी दाट दात्यांचे एक अशी किमान दोन ब्लेड बाळगावीत, सामग्रीनुसार ती बदलण्याचा कंटाळा करू नये, आणि काम देणाऱ्यानेही त्यासाठी लागणारा वेळ आणि पैसा आनंदाने द्यावा.